भाषा येते कशी आणि जाते कशी, याचा अभ्यास सोलापुरात व्हावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पदवी परीक्षांचे निकाल लागले की आमच्या भागातल्या मुली पुढे काय करावे हे विचारायला घरी येतात. भाषेची मनापासून आवड असलेल्या बी.ए. झालेल्या मुलीला आज दोनच वाटा दिसतात. एखाद्या भाषेच्या साहित्यात एम.ए. करायचे, नाहीतर बी.एड.ला प्रवेश घ्यायचा. दोन्ही वाटा चांगल्या आहेत, त्यांविषयी माझी तक्रार नाही. परंतु लहान मुलाला भाषा येते कशी, दुसरी-तिसरी भाषा शिकताना मनात काय घडते आणि आलेली भाषा वयामुळे, आजारामुळे किंवा स्थलांतरामुळे जाते कशी, याचा पदव्युत्तर पातळीवर शास्त्रशुद्ध अभ्यास करता येतो आणि त्यावर आयुष्याचे काम उभे करता येते, हे या मुलींना कोणी सांगितलेलेच नसते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने असा अभ्यासक्रम सुरू करावा, ही मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या विषयासाठी सोलापूरइतके योग्य शहर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरची कन्नड, शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर घरांची तेलुगू, मुस्लिम मोहल्ल्यांतली दखनी उर्दू आणि या सर्वांना व्यवहारात जोडणारी मराठी अशा चार भाषा येथे एकाच बाजारपेठेत, एकाच रिक्षात, पुष्कळदा एकाच घरात बोलल्या जातात. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची वचने कन्नड आहेत आणि गड्ड्याच्या यात्रेत त्यांचा जयजयकार करणारे निम्मे तोंड मराठी वा तेलुगू असते. हे आपण अभिमानाने सांगतो, पण त्याचा अभ्यास मात्र करत नाही. माझी स्वतःची मातृभाषा तेलुगू आहे. आमचे पूर्वज तेलंगणातून हातमागाच्या कामासाठी येथे आले. मी पूर्व भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग शिकवून निवृत्त झाले आहे. त्यामुळे पुढे जे लिहीत आहे, त्यातले बरेचसे वर्गात रोज समोर घडताना पाहिलेले आहे.

पहिलीत आलेले विणकराचे किंवा विडी कामगार आईचे मूल ‘आई बाजाराला गेलं’ असे म्हणते, तेव्हा शाळेत ती चूक म्हणून लाल रेघेखाली जाते. वास्तविक त्या मुलाने चूक केलेली नसून नियम पाळलेला असतो. तेलुगूत एकवचनात पुरुषासाठी क्रियापदाचे एक रूप आणि स्त्री व वस्तू यांच्यासाठी मिळून दुसरे रूप असते. मराठीतली तीन लिंगे त्या दोन खणांत बसवताना मूल आईला नपुंसकलिंगी रूप देते. तसेच ‘मी भाकरी खाल्लो’ या वाक्याचे. मराठीत भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणून आपण ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणतो. पण काही क्रियापदे याला अपवाद आहेत, म्हणून ‘मी पाणी प्यायलो’ आणि ‘मी मराठी शिकलो’ ही वाक्येही बरोबरच आहेत. तेलुगूत क्रियापद नेहमी कर्त्याबरोबरच चालते. मराठी घरातले मूलही काही काळ ‘खाल्लो’ म्हणते, पण ते मागे टाकायला माझ्या वर्गातल्या तेलुगू घरच्या मुलांना अधिक वेळ लागत असे. यातला किती भाग मुलाच्या स्वाभाविक वाढीचा, किती भाग घरच्या भाषेचा आणि किती भाग गल्लीत ऐकू येणाऱ्या सोलापुरी बोलीचा, हे सांगायला माझ्यापाशी साधने नव्हती. ती साधने विद्यापीठात शिकवली जातात.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद, म्हणजे ऐकणाऱ्याला धरून की वगळून, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा तंतोतंत आहे. त्यामुळे तेलुगू मूल तो पहिल्या महिन्यातच बिनचूक वापरते, आणि ज्याच्या घरच्या बोलीत दोन्हीकडे एकच शब्द पुरतो, ते मूल मात्र येथे बराच काळ अडखळते. हे माहीत असलेली शिक्षिका एका वर्गातल्या दोन मुलांना दोन वेगवेगळ्या ठिकाणी मदत करील. माहीत नसलेली दोघांनाही ‘मराठी कच्चे’ असा एकच शेरा देईल. तो शेरा प्रगतिपुस्तकावर वर्षानुवर्षे राहतो आणि हळूहळू मूलही त्यावर विश्वास ठेवू लागते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याचे दुःख आजही वाटते.

मुले ऐकलेलेच परत म्हणतात की आतून नियम बांधतात, हा प्रश्न जीन बर्को या अमेरिकन अभ्यासिकेने १९५८ साली एका साध्या युक्तीने सोडवला. तिने मुलांना काल्पनिक प्राण्यांची चित्रे दाखवली, त्यांना मनाने केलेली नावे दिली आणि ‘आता हे दोन आहेत, तर काय म्हणशील?’ असे विचारले. कधीही न ऐकलेल्या शब्दाचे अनेकवचन मुलांनी करून दाखवले. इंग्रजीत त्यासाठी शेवटी एक ध्वनी जोडला की बहुधा भागते. मराठीत तोच प्रयोग करायचा तर मूल आधी त्या नव्या शब्दाचे लिंग ठरवील, मग अनेकवचन करील, मग विभक्ती लावताना सामान्यरूप करील. एका बनावट शब्दातून मुलाच्या मनातल्या व्याकरणाचे तीन थर उघडे पडतील. आता हाच प्रयोग घरी मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणाऱ्या मुलांच्या चार गटांवर, एकाच शाळेत, एकाच बाईंच्या वर्गात करता येईल असे ठिकाण शोधा. दत्त नगर, अशोक चौक, साखर पेठ या परिसरात ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

भाषा येणे आणि जाणे या दोन गोष्टी एकत्र का शिकायच्या, असे कोणी विचारील. याचे उत्तर पाळण्यातल्या मुलापासूनच मिळते. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतला दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ ऐकवला. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांना तो जवळजवळ कळेनासा झाला होता. घरात जे ध्वनी ऐकू येतात त्यांच्यासाठी कान तयार होतो आणि जे ऐकू येत नाहीत त्यांच्यासाठी तो हळूहळू बंद होतो. म्हणजे पहिले पाऊल टाकण्याच्या आधीच मूल काही मिळवत असते आणि काही सोडून देत असते. आपल्याकडचे बाळ मात्र आजीकडून तेलुगू, शेजारणीकडून कन्नड आणि भावंडांकडून मराठी ऐकत असते. त्याच्या कानाचे काय होते, हे सोलापुरातल्या घराघरांत जाऊनच कळेल.

थोडे मोठे झाल्यावर गेलेल्या भाषेचेही असेच आहे. कोरियात जन्मलेली आणि तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेली मुले मोठी झाल्यावर फ्रेंच संशोधकांनी त्यांची तपासणी केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांना कोरियन वाक्ये ओळखता आली नाहीत आणि मेंदूच्या चित्रांतही कोरियनसाठी वेगळा प्रतिसाद दिसला नाही. याउलट तरुणपणी देशांतर केलेली माणसे अनेक दशके मातृभाषा न बोलताही तिचे व्याकरण बहुतांशी सांभाळून असतात. शब्द आठवायला वेळ लागतो एवढेच. वयाचा हा उंबरठा नेमका कोठे आहे, तो सर्व भाषिक अंगांसाठी एकच आहे काय, यावर आजही अभ्यासकांत वाद चालू आहे.

आमच्या घरांत भाषा याहून वेगळ्या रीतीने जात आहे. कोणी देश सोडलेला नाही. आजी तेलुगूत विचारते, नातू सगळे समजतो आणि उत्तर मराठीत देतो. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांत गेलिक भाषेचा अभ्यास करताना नॅन्सी डोरियन यांना अशी माणसे भेटली, ज्यांना भाषा उत्तम समजते, केव्हा काय बोलावे हेही कळते, पण स्वतः बोलताना वाक्य अर्धवट राहते. त्यांनी अशा भाषकांचा स्वतंत्र गट मानला. पूर्व भागात वीस-पंचविशीच्या आतल्या तरुणांत असे भाषक घरोघरी आहेत आणि त्यांची कोठेही नोंद नाही. याच संदर्भात आपल्याच देशातला दुसरा अनुभवही विद्यार्थ्यांनी अभ्यासला पाहिजे. भाषाशास्त्रज्ञ प्रबोध पंडित यांनी असे मांडले होते की, भारतात स्थलांतरित समाज आपली भाषा टिकवून धरतो हीच रीत आहे आणि ती सोडून देणे हा अपवाद आहे. तमिळनाडूतल्या विणकर समाजाने शतकानुशतके जपलेली सौराष्ट्री भाषा हे त्यांचे उदाहरण होते. मदुराईच्या विणकरांनी जे केले ते सोलापूरच्या विणकरांना का जमेनासे झाले? यंत्रमाग आले म्हणून, शाळेचे माध्यम बदलले म्हणून, घराबाहेरच्या नोकऱ्यांमुळे की लग्नसंबंध समाजाबाहेर होऊ लागल्यामुळे? माझी स्वतःची समजूत अशी की शाळेचा वाटा सर्वांत मोठा आहे, पण समजूत म्हणजे पुरावा नव्हे.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातले कुपवाड या बाबतीत जगभरच्या भाषाविज्ञानाच्या पुस्तकांत पोहोचले आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली दाखवून दिले की, तेथे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदलेल्या मराठी, कन्नड आणि उर्दू यांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतले वाक्य दुसरीत जवळजवळ शब्दास शब्द ठेवून नेता येते. त्या गावाला अर्धशतकानंतरही विद्यार्थी ओळखतात. सोलापूर त्याहून कितीतरी मोठे आणि गुंतागुंतीचे आहे.

आता आजाराने जाणाऱ्या भाषेविषयी. ही बाजू मला सर्वांत निकडीची वाटते. आमच्या गल्लीतल्या एका वयस्कर गृहस्थांना पक्षाघाताचा झटका आला. आयुष्यभर मागावर काम केलेला माणूस, घरात तेलुगू, कारखान्यात मराठी. रुग्णालयात त्यांना मराठीतून ‘डोळे मिटा, हात वर करा’ असे सांगण्यात आले. ते नुसते पाहत राहिले आणि बोललेले समजत नाही अशी नोंद झाली. संध्याकाळी सुनेने तेच तेलुगूत सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच डोळे मिटले. पुढचे काही आठवडे समोरच्या चष्म्याचे नाव त्यांना कोणत्याच भाषेत सांगता येत नव्हते, पण ‘ओकटि, रेंडु, मूडु’ हे अंक सुरू करून दिले की दहापर्यंत ते स्वतःच जात आणि भजनाची ओळ सुरात पूर्ण म्हणत. घरच्यांना वाटे की हे मुद्दाम बोलत नाहीत. त्यांच्या आजाराला वाचाघात म्हणतात, पाठ झालेले क्रम आणि गाणे पुष्कळदा शाबूत राहतात आणि तिथूनच उपचाराची सुरुवात करता येते, हे त्या घराला सांगणारे कोणी भेटले नाही. डॉक्टरांना मी दोष देत नाही. गर्दीच्या वॉर्डात दोन भाषांत तपासणी करण्यासाठी त्यांच्या हाती ना माणूस होता ना चाचणी.

वाचाघाताचा अभ्यास जुना आहे. पॉल ब्रोका यांनी पॅरिसमध्ये १८६१ साली, केवळ एकच शब्दावयव बोलू शकणाऱ्या रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागातली इजा दाखवली. कार्ल वर्निक यांनी १८७४ साली वेगळ्या भागाच्या इजेचे वर्णन केले, ज्यात माणूस अस्खलित बोलतो पण बोलण्यात अर्थ राहत नाही आणि दुसऱ्याचे समजत नाही. अनेक भाषा येणाऱ्या रुग्णाची कोणती भाषा आधी परत येते, हा प्रश्नही त्याच शतकातला. फ्रेंच अभ्यासक रिबो यांचे मत सर्वांत आधी शिकलेली भाषा टिकते असे होते. त्यांच्याच देशातले डॉक्टर पित्र यांनी १८९५ साली मांडले की, आजारापूर्वी जी सर्वाधिक वापरात होती ती आधी परत येते. नंतरच्या अभ्यासांत दोन्हींचे पुरावे मिळाले. कोणाच्या दोन्ही भाषा बरोबरीने सुधारतात, कोणाची एकच सुधारते, कोणाच्या आलटून पालटून येतात. म्हणूनच रुग्णाला येणाऱ्या प्रत्येक भाषेत स्वतंत्र तपासावे, असा आग्रह मिशेल पॅराडिस यांनी धरला आणि द्विभाषिक वाचाघातासाठी चाचणी तयार केली. अशी चाचणी नुसती अनुवादित करून चालत नाही. इंग्रजीतले अवघड वाक्य मराठीत सोपे होऊ शकते आणि मराठीतले कर्माप्रमाणे बदलणारे क्रियापद, जे या आजारात बारकाईने तपासायला हवे, ते परदेशी चाचणीत नसतेच. सोलापुरी मराठी आणि येथील तेलुगू यांच्यासाठी चाचणी येथेच बांधावी लागेल.

आपल्यासारख्याच भाषिक मिश्रणाच्या हैदराबादेत हे काम झाले आहे. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण होते. त्यांत एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेला आढळला, आणि विशेष म्हणजे निरक्षर रुग्णांतही हा फरक दिसला. २०१६ साली त्यांनी पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झटक्यानंतर बौद्धिक क्षमता सामान्य राहिलेल्यांचे प्रमाण बहुभाषिकांत ४०.५ टक्के आणि एकभाषिकांत १९.६ टक्के होते. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत वेगळे नव्हते. सर्वच देशांतले निष्कर्ष इतके स्पष्ट नाहीत आणि बहुभाषिकतेचा लाभ किती, यावर मतभेद आहेत. पण शाळेत न गेलेल्या आणि तरीही तीन भाषा सहज बोलणाऱ्या विडी कामगार स्त्रिया जेथे मोठ्या संख्येने आहेत, त्या शहराने या वादात काही पुरावा घालायला हवा.

कायद्यानेही हा विषय बाजूला ठेवता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांत वाणी व भाषा दोषाचा समावेश आहे आणि त्याच्या व्याख्येत वाचाघाताचा उल्लेख आहे. ज्याला बोलता येत नाही त्याचा दोष कोणत्या भाषेत मोजायचा, हा प्रश्न प्रमाणपत्र देताना उभा राहणारच.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाची मोठी परंपरा आहे, डॉ. अशोक केळकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तेथे इतरांना घडवले. म्हैसूरला १९६९ पासून भारतीय भाषा संस्थान आहे, वाणी व श्रवणासाठी वेगळी राष्ट्रीय संस्थाही तेथेच आहे. हैदराबादेतही या विषयाचे विभाग आहेत. परंतु ज्या घरात आई दिवसभर विड्या वळून घर चालवते, तेथली मुलगी वसतिगृहाचा खर्च करून पुणे किंवा म्हैसूर गाठू शकत नाही. आणि नेमकी तीच मुलगी दोन भाषा घरातून आणि दोन गल्लीतून घेऊन येते, जे बाहेरून आलेल्या संशोधकाला अनेक वर्षे शिकून साधावे लागते.

विद्यार्थ्यांची फसवणूक होऊ नये म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. भाषाविज्ञानात एम.ए. केल्याने कोणी वाचोपचारतज्ज्ञ होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली स्वतंत्र पदवी लागते. माझी मागणी त्या पदवीला पर्याय काढण्याची नाही. प्राथमिक शिक्षणात, पाठ्यपुस्तकांच्या कामात, चाचण्या तयार करण्यात, आवाजावर चालणाऱ्या संगणक प्रणालींसाठी बोलींची सामग्री गोळा करण्यात अशा माणसांची गरज आहे आणि ती वाढत जाणार आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर आहे; तो प्रत्यक्षात आणायचा तर घरची भाषा आणि शाळेची भाषा यांतले अंतर मोजणारे कोणीतरी जिल्ह्यात असले पाहिजे.

जागा भरत नाहीत, ही अडचण सांगितली जाईल आणि ती खोटी नाही. म्हणून एकदम दोन वर्षांचे एम.ए. नको असेल तर प्रथम एक वर्षाची पदव्युत्तर पदविका सुरू करावी. साहित्याच्या पदवीधरांबरोबरच परिचारिका, डी.एड., बी.एड. झालेले शिक्षक आणि विज्ञानाचे पदवीधर यांनाही प्रवेश असावा. ध्वनिविचार, बालभाषा, दुसऱ्या भाषेचे अर्जन, मेंदू व भाषा आणि सांख्यिकी हे विषय सक्तीचे ठेवावेत. सांख्यिकी टाळून हा अभ्यास होत नाही, हे मी ठामपणे लिहिते. मेंदूविषयीची व्याख्याने वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापकांनी द्यावीत. प्रत्येक विद्यार्थ्याने मराठीखेरीज येथील आणखी एका भाषेत ध्वनिमुद्रणे करून त्यांचे काटेकोर लेखन करावे. मुलांच्या पालकांची आणि रुग्णांच्या नातेवाइकांची लेखी संमती घेऊन, नावे गुप्त ठेवून, ही ध्वनिमुद्रणे विद्यापीठाने जतन करावीत. तेलंगणातून लहानपणी आलेली, अस्सल तेलुगू बोलणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे, त्यामुळे ध्वनिमुद्रणाचे काम तरी अभ्यासक्रमाच्या मंजुरीसाठी थांबवू नये.

विद्यापीठाच्या विद्या परिषदेने हा विषय आगामी बैठकीत चर्चेला घ्यावा. काम सुरू झाल्यास अभ्यासकांना मुलांच्या आणि वृद्धांच्या घरी नेणे, तेलुगूतून मराठीत समजावून सांगणे, लेखन तपासून देणे यांसाठी मी स्वतः आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या काही शिक्षिका विनामूल्य वेळ द्यायला तयार आहोत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
पूर्व भाग, सोलापूर